चुन्याची ओळ, साधी ओळ

मांजरी
१२ ऑगस्ट १९८८

वीस कुंड्यांना चुना आणि वीस कुंड्यांना नुसतं पाणी, ही कुठली रीत काढलीस? चाळीस जणांची पंगत बसवायची, निम्म्यांना वाढायचं आणि निम्म्यांना पाण्याचा तांब्या दाखवून पुढे जायचं, असलं माझ्या दारात सत्तर वर्षांत झालेलं नाही. काल मथुराबाई भांडी घासता घासता म्हणाली, "ह्या वीस रोपांनी काय घोडं मारलंय वो?" आता भांडेवालीही मला जाब विचारते, हे लिहून ठेव.

चि. पद्मजास आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत.

मे महिन्यात तू टेम्पो भरून मुळशीकडची तांबडी माती आणलीस, आमच्या काळ्या मातीला नाक मुरडलंस, गोठ्यामागे निलगिरीची रोपं लावलीस आणि डॉक्टरेट करायला बंगलोरला निघून गेलीस. जाताना भिंतीवर कागद चिकटवलास. पाणी कधी घालायचं, कुठल्या कुंडीतली मुळं कधी कापायची, कुठल्या बाटलीत घालायची. तो कागद पहिल्याच सरीत गेला. तुझ्या आईने, शकूने, तू स्वारगेटला पोचायच्या आत त्याची नक्कल करून ठेवली होती म्हणून निभावलं. तुझे वडील गेल्यापासून ती इथेच आहे, पण घरात आहे हे कुणाला कळतही नाही, अशी राहते.

साध्या ओळीची पानं लालसर पडली आहेत. त्यांना का नाही, ते मला कळव. उत्तर येईपर्यंत मी हात बांधून बसेन असं समजू नकोस.

तुझी आजी,
तुळजाबाई


बंगलोर
२१ ऑगस्ट १९८८

ती. आजीस पद्मजाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी श्रीनिवास सरांना वाचून दाखवलं. ते माझे मार्गदर्शक, म्हणजे माझ्या डॉक्टरेटची दोरी त्यांच्या हातात. त्यांना मराठी कळतं. पंगतीचं वाचून ते खूप हसले.

माती काळी नको होती, कारण तिच्यात मुळातच चुना असतो. मुळशीची माती आंबट आहे. आणि तिच्यात एक बुरशी आहे, जी निलगिरीच्या कोवळ्या मुळांवर चढते. मुळं कापशील तेव्हा नीट बघ, टोकांवर पांढरं आवरण दिसेल. ही बुरशी रोग नाही. ती लांबवर पसरून मातीतला नत्र गोळा करते आणि मुळाला देते. झाड तिला साखर देतं.

नत्र तुला युरियाच्या पोत्यामुळे माहीत आहेच. पण ज्वारी कोठारात असून पोट भरत नाही. दळावी लागते, भाकरी करावी लागते. तसं मूळ आणि बुरशी मिळून कच्च्या नत्राची भाकरी करतात. कापलेलं मूळ लगेच स्पिरिटमध्ये टाकायचं ते यासाठी, की त्या घटकेला जेवढी भाकरी झाली तेवढीच राहावी. मी ती मोजते. मातीत चुना घातला तर ही भाकरी वाढते की कमी होते, एवढाच माझा प्रश्न आहे.

साध्या ओळीची काळजी करू नकोस. झाडांना पंगत कळत नाही, आजी.

पहिल्या खेपेला दोन्ही ओळींतल्या एक ते चार नंबरच्या कुंड्या.

तुझी,
पद्मजा


मांजरी
१५ सप्टेंबर १९८८

चि. पद्मजास आशीर्वाद.

आठ बाटल्या आणि मातीच्या आठ पुड्या आज बंगलोरच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिल्या. तो म्हणाला, "आजी, दारू आहे का?" मी म्हटलं, हुंगून बघ, पण आत मुळं आहेत, दाताखाली येतील. त्याने पेटी पायाशी ठेवली.

मुळं शकूने कापली. तिने नवं पातं घेतलं, प्रत्येक कुंडीनंतर पुसलं, आणि चिठ्ठ्या आधी लिहून वाळवून मग डिंकाने चिकटवल्या. तू म्हणतेस ते आवरण दिसलं, तान्ह्या पोराच्या बोटांना मोजे घालावेत तसं. शकू भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत होती. म्हैस हंबरली तेव्हा उठली.

तुझ्या बुरशीचं मला पटलं. दोन घरांनी एकमेकांना धरून राहावं तसं आहे. पण मी विचारलं होतं, त्या वीस जणांना का नाही. त्यावर तू आणि तुझे सर हसलात. हसणं म्हणजे उत्तर नव्हे. असो. साध्या ओळीकडे मी बघते आहे. लाली उतरायला लागली आहे.

आजी


बंगलोर
४ ऑक्टोबर १९८८

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

पहिल्या बाटल्या मोजून झाल्या. चुन्याची ओळ आणि साधी ओळ यांच्यात काहीच फरक नाही. असं होऊ शकत नाही, असं सर म्हणतात. दोन्ही ओळींच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज आहे.

मी आधीच सांगायला हवं होतं. साधी ओळ उपाशी ठेवलेली नाही, ती माझी मोजपट्टी आहे. चुन्याने काय झालं, हे चुना नसलेल्या झाडाशेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसं? म्हणून त्या वीस कुंड्यांत पाण्याशिवाय काहीही पडता कामा नये. तेवढ्यावर माझं सगळं उभं आहे. जानेवारीत सर समितीपुढे माझे आकडे ठेवणार. ते उभे राहिले नाहीत तर माझी जागा दुसऱ्याला देतील.

आईला राग येऊ देऊ नकोस, पण ती जेमतेम चौथी शिकलेली, घाईत 'चुना'च्या जागी 'साधी' लिहिलं गेलं असेल. पुढच्या खेपेला चिठ्ठ्या संभाजीमामाला लिहायला सांग. तो बी.ए. आहे.

या खेपेला पाच ते बारा.

पद्मजा


मांजरी
१२ ऑक्टोबर १९८८

चि. पद्मजास आशीर्वाद.

पट्टी आहे असं आत्ता लिहिलंस, ते ऑगस्टमध्ये लिहिताना शाई संपली होती काय?

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तुझ्या आईने ते मला वाचून दाखवलं, मधलं काही न गाळता. चौथी शिकलेलीचं वाक्यसुद्धा तिनेच वाचलं, त्याच आवाजात. मग पेन पुसून फडताळात ठेवलं आणि धारा काढायला गेली.

चिठ्ठ्या चुकलेल्या नाहीत. मी समोर बसले होते. तुमचं मोजायचं यंत्र तपासून घ्या. यंत्रंही बिघडतात, आमचा उसाचा चरक दर वर्षी बिघडतो.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पुढच्या चिठ्ठ्या संभाजी लिहील. त्याचं अक्षर तुला लागलं तर बी.ए.चं नशीब. मुळं कापायला त्याला वेळ नाही, ती शकूच कापेल. तिला विचारलं, तर "कापीन" म्हणाली. एवढंच.

साध्या ओळीला पाणीच मिळेल. काळजी नको.

आजी


बंगलोर
१८ नोव्हेंबर १९८८

ती. आजीस नमस्कार.

दुसऱ्या बाटल्याही तशाच निघाल्या. दोन्ही ओळी सारख्या. या वेळी चिठ्ठ्या मामाच्या होत्या, त्यामुळे तो दोष नव्हता. यंत्रही तपासलं, ते ठीक आहे.

मग मी मातीच्या पुड्या काढल्या. साध्या ओळीची माती आंबट राहिलेलीच नाही. आणि तिच्यात पालाश अडीच पट आहे. चुन्यात पालाश नसतो, आजी. राखेत असतो. राखेने मातीचा आंबटपणा चुन्यासारखाच जातो.

कुणीतरी साध्या ओळीत राख घातली आहे. मला माहीत आहे कुणी. आईला सवयच आहे, वांग्याला राख, कढीपत्त्याला राख. तिला वाईट हेतू नसणार, पण माझे सहा महिने तिने दोन मुठींत घालवले. मी तिला वेगळं लिहिलं आहे. तिचं उत्तर नाही. तू तिला समोर बसवून विचार, आणि खरं काय ते मला कळव. सरांनी पंधरा जानेवारीपर्यंत मुदत दिली आहे.

पद्मजा


मांजरी
२६ नोव्हेंबर १९८८

राख मी घातली.

शकूला विचारायचं कारण नाही. तुझं तिला आलेलं पत्र मी पाहिलं. तिने ते घडी घालून पोथीत ठेवलं आहे. मी केलं नाही, एवढं एक वाक्य ती तुला लिहू शकली असती. लिहिलं नाही, कारण मग कुणी केलं हे लिहावं लागलं असतं. तिने मला राख घालताना पाहिलं होतं.

आता नीट ऐक. तेरा ऑगस्टपासून मी सुरुवात केली. चुलीची बरीचशी राख मथुराबाई भांड्यांना घेते, म्हणून चार-पाच दिवसांनी एक कुंडी जमायची. एका कुंडीला दोन मुठी. बाभळीचं सरपण आणि पाचट, दुसरं काही नाही. एक नंबरपासून ओळीने निघाले. आठ ऑक्टोबरच्या शनिवारी चौदावी कुंडी झाली आणि हात झटकत घरात आले, तर पोस्टमन तुझं पत्र टाकून गेलेला. पट्टीचं ऐकलं तिथे मी थांबले. पंधरा ते वीस या सहा कुंड्यांना राखेचा कणही लागलेला नाही. देवीची शपथ घालत नाही, तुझ्या यंत्राला विचार.

त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. दोन मुठी राखेने काय होतंय असं मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर, तिकडे तुझे सर पुन्हा हसतील, याची मला लाज वाटली. तू शकूवर घेतलंस, ते मी तिच्यावर राहू दिलं. दीड महिना राहू दिलं.

तुला तुझ्या आईची चौथी माहीत आहे. ती चौथीवर का थांबली ते माहीत नाही. ती वर्गात पहिली होती. पाचवीला हडपसरला जावं लागे. गुरुजी दोनदा घरी आले, दुसऱ्या वेळी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. तुझ्या आजोबांनी विचारलं, "काय करायचं?" मी म्हटलं, दोन म्हशी आहेत, संभाजी लहान आहे, पोरीला ठेवून घेऊ. पुढे संभाजीला मी डोक्याला तेल लावून शाळेत पाठवलं. तेव्हा शकू दारात शेणाची पाटी घेऊन उभी होती. एका पंगतीतली दोन पानं, आणि वाढणारी मी. तिने कधी विचारलं नाही, मला का नाही. म्हणून मला वाटलं होतं, विसरली असेल.

मी रडणारी बाई नाही आणि हे वाचून तूही रडू नकोस, कामाला लाग. सहा कुंड्यांवर काही होतं का ते सरांना विचार. आणि आईची माफी माग. माझं मी बघते.

आजी


बंगलोर
७ डिसेंबर १९८८

आजी,

पहिल्या दिवशी तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. राग आला होता. मग लक्षात आलं, ऑगस्टमध्ये तू सरळ प्रश्न विचारला होतास आणि मी तो सरांना विनोद म्हणून ऐकवला. तेव्हा चार ओळी लिहिल्या असत्या तर हे घडलं नसतं. आणि आईला जे लिहिलं, ते मला आता आठवतसुद्धा नाही, आठवायची हिंमत नाही. तिला माफीचं पत्र टाकलं आहे. त्याचंही उत्तर नाही.

तुझं पत्र सरांना दाखवलं. या वेळी ते हसले नाहीत. ते म्हणाले, सहा आणि सहा पुरतील, प्रत्येक रोप वेगळं मोजलं तर. राखेच्या चौदा कुंड्या लपवायच्या नाहीत, तिसरी ओळ म्हणून मांडायच्या. त्यासाठी तुझी एक मूठ राख म्हणजे किती, ते त्यांना वजनात हवं आहे.

आता एकच संधी उरली आहे, म्हणून मुळं इथेच, ताजी कापायची आहेत. दोन्ही ओळींतली पंधरा ते वीस, अशी बारा रोपं मुळांसकट आणायला हवीत. सरांनी विचारलं, पहिल्या खेपेच्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या होत्या? ती मुळं कापली होती तशी इथे कुणाला जमत नाहीत, त्यांनाच बोलवा. मी म्हटलं, माझी आई. पण ती येईल असं मला वाटत नाही. मला सुटी नाही. तू काही करशील?

पद्मजा


मांजरी
१८ डिसेंबर १९८८

चि. पद्मजास आशीर्वाद.

माझी मूठ वाण्याच्या तराजूवर दहा वेळा मोजली. कधी छत्तीस ग्रॅम, कधी त्रेचाळीस. सरांना चाळीस धरायला सांग. वाण्याने विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, सरकारने बायकांच्या मुठी मोजायला काढल्यात.

चंपाषष्ठीला घरी बारा माणसं जेवायला होती. भरीत, रोडगे. मी वाढायला उभी राहिले आणि वाढायच्या आधी सगळ्यांसमोर बोलले. राख मी घातली, आळ शकूवर आला, मी येऊ दिला. आणि तिची शाळाही तिच्या बापाने नव्हे, मी सोडवली. संभाजीने मान खाली घातली. सून पदराशी चाळा करत बसली. शकू म्हणाली, "आई, भरीत निवतंय. इकडे दे."

तिला पहिलं वाढलं. तिने खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो बाई गोठ्यामागे, फडताळातलं पेन कानावर अडकवलेलं, आणि बारा रोपं उपटून नव्हे, कुंड्या फोडून, मातीच्या गड्ड्यासकट काढलेली. एकेक रोप ओल्या गोणपाटात बांधलं. चिठ्ठी आत एक, बाहेर एक. मी म्हटलं, "दोन कशाला?" म्हणाली, "एक पडली तर कुणी माझी चौथी काढायला नको."

हे तुला बोलली की मला, ते विचारत बसू नकोस. दोघींना होतं.

काल संभाजीने तिला स्वारगेटला गाडीत बसवलं. कंडक्टर गोणपाट बघून म्हणाला, टपावर टाका. ती म्हणाली, मग मलाही टाक. रोपं सीटखाली गेली. जन्मात ती पुण्याच्या पुढे गेलेली नाही. स्टँडवर वेळेवर जा.

आजी


बंगलोर
१४ जानेवारी १९८९

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

बाराही रोपं मोजून झाली, तिसऱ्या ओळीचे आकडे जोडून झाले आणि काल सरांनी सगळं समितीपुढे ठेवलं. माझी जागा राहिली.

साध्या सहा रोपांच्या मुळांवर बुरशीचं आवरण दाट होतं, आणि आत नत्राची भाकरी चुन्याच्या ओळीच्या जवळजवळ दीडपट. चुना घातला की बुरशी विरळ होते आणि मुळाचं काम मंदावतं. राखेनेही तेच होतं, थोडं कमी. म्हणजे आजी, ज्यांना तू उपाशी समजत होतीस, त्यांचं मातीखाली सगळ्यांत बरं चाललं होतं. पानं लाल दिसत होती, पण ती आपलं आपण मिळवत होती. मला वाटलं, हे ऐकून तुझ्या मनाला बरं वाटेल, आईच्या बाबतीतसुद्धा.

आई अजून इथेच आहे. तिने मुळं कापली, मी मोजली. आता शेजारच्या टेबलावरची दोन मुलं तिच्याकडून कापायला शिकतात. ती त्यांना मराठीत रागावते आणि त्यांना कळतं. सरांनी तिला सूक्ष्मदर्शकातून आवरण दाखवलं, तेव्हा तिने एकच विचारलं, याचं चित्र काढून ठेवू का. वही भरत आली आहे. महिनाअखेर येईन म्हणते. तुझ्याविषयी विचारलं तर म्हणते, "बरी असेल."

पद्मजा


मांजरी
२२ जानेवारी १९८९

चि. पद्मजास आशीर्वाद.

जागा राहिली, चांगलं झालं. घरात गूळ वाटला. मथुराबाईने दोन खडे घेतले, एक राखेचा म्हणून.

तुझं झाडांचं बरोबर असेल, यंत्र खोटं बोलत नाही. मी त्यांना न विचारता वाढायला गेले आणि त्यांचं चाललेलं बिघडवलं, हे कबूल. पण ते तुझ्या आईला लावू नकोस. रोपांनी चुना मागितला नव्हता. शकूला शाळा हवी होती. गुरुजी आले की ती दाराआड उभी राहून ऐकायची, ते मी पाहिलं आहे. तिने पुढे आपलं आपण निभावलं, म्हणून माझं करणं बरं ठरत नाही. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून शास्त्र वाकवत जाऊ नकोस, सर ओरडतील.

राखेच्या चौदा कुंड्या अजून आहेत. त्यांना पाणीच घालते.

महिनाअखेरची घाई नाही असं तिला सांग. म्हशी संभाजी बघतो. त्याला धार काढता येत नाही, शिकेल. बी.ए. आहे.

एकच सांगायचं राहिलं. शकू सासरी होती ती हडपसरला, हाकेच्या अंतरावर. नंतर इथेच. त्यामुळे या वयापर्यंत मला तिच्या हातचं एकही पत्र आलेलं नाही, कुंड्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या. त्या चित्रांच्या वहीत काय काय आहे ते मला कळायला हवं, आणि मनात असेल तर मला सुनवायचं तेही पत्रात येऊ दे, मी वाचीन, मधलं काही न गाळता. तेव्हा या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. शकूने लिहायचं.

तुळजाबाई